दुसरा पॅड

होशिको कंपनीचे माझ्यावर उपकार असतील तर एवढेच, की तिच्या व्हिडिओ गेमच्या मशीनमुळे जेबा माझी मैत्रीण झाली. आणि कंपनीवर माझा राग आहे तोही जेबामुळेच. मशीन महाग झालं, खेळ वर्षानुवर्षं लांबवले, जुन्या गिऱ्हाइकांना कुणी विचारेना, ही रड जगभरातले लोक रोज रडतात. रडोत बापडे. माझं भांडण वेगळं आहे.

जेबाचे अब्बा, अब्दुल सत्तार, अकोल्यात मोर्णेच्या पुलाअलीकडे टीव्ही दुरुस्त करायचे. आमचं घर त्यांच्या दुकानामागच्या गल्लीत. दुरुस्त झालेला टीव्ही लगेच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, हा सत्तारचाचांचा नियम. सेट तापला की दबलेला बिघाड वर येतो, म्हणून तो आधी दुकानातच अर्धा दिवस चालवायचा. चालवायचा म्हणजे पडद्यावर काहीतरी हलतं हवं. केबलवर तर नुसत्या मुंग्या दिसायच्या. मग चाचांनी नागपूरहून कुणाकडून तरी वापरलेलं होशिको मशीन आणून ठेवलं. व्हिडिओ गेममध्ये रंग भडक असतात, चित्र एका जागी ठरत नाही, त्यामुळे दोष चटकन कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. एकेक बटणांचा पॅड हातात धरून खेळायला बसायचो जेबा आणि मी. आमच्या मते आम्ही खेळत होतो, चाचांच्या मते टेस्टिंग चालू होतं. मधूनच ते खाली घातलेली मान वर न करता विचारायचे, "लाल फुटून राहिला का वं?"

"लाल बरोबर हाये चाचा. वरची कोर वाकडी होऊन राहिली."

मग ते उठायचे, मागून एक स्क्रू फिरवायचे, आणि आमचा खेळ पुढे सुरू.

मशीन चालू केलं की पडद्यावर पहिल्यांदा दोन आसनं दिसायची. निळी, एकमेकींना खेटून. मग घंटा वाजल्यासारखा आवाज. खेळाचं नाव जपानी लिपीत होतं, ते आम्हाला कधी वाचता आलं नाही. आम्ही त्याला कंदील म्हणायचो. दोन बहिणी जंगलातून निघालेल्या, एकीच्या हातात कंदील, दुसरीच्या हातात कुऱ्हाड. गंमत अशी की एक जण फार पुढे गेली की पडदाच अडायचा. मागची आल्याशिवाय रस्ता पुढे सरकत नसे. कंदील माझ्याकडे असायचा आणि मी कायम घाईत. जेबा मागून ओरडायची, "थांब ना वं, मी अंधारात हाओ." तिला अंधारात ठेवून मला कुठेच जाता येत नव्हतं. माझ्यासारख्या उतावळ्या पोरीला थांबायला घरच्यांनी नाही शिकवलं, त्या मशीननं शिकवलं.

मग ती वाईट वर्षं आली. कापसानं दगा दिला, एकदा नाही, लागोपाठ. तेल्हाऱ्याकडची माणसं दुरुस्तीला टाकलेले टीव्ही न्यायला येईनात. दुकानाच्या भिंतीला छतापर्यंत सेट रचले गेले. प्रत्येकावर खडूनं गावाचं आणि माणसाचं नाव. बंद ठेवला की सेटमध्ये ओल धरते, म्हणून चाचा ते पाळीपाळीनं चालवायला लावायचे. शाळेतून आलं की आम्हाला कामच काम. लाईट असेपर्यंत आम्ही लोकांचे टीव्ही जिवंत ठेवायचो.

त्यातला सगळ्यात मोठा पडदा बुधाजी नावाच्या शेतकऱ्याचा होता. एकदा त्यांची बायको आली, पार्वताबाई, कपाळावर कुंकू नव्हतं. टीव्ही न्यायलाच आल्या असतील असं समजून आम्ही पॅड खाली ठेवले. त्या म्हणाल्या, "खेळा वं पोरीहो, खेळा." स्टुलावर बसून त्यांनी आमचा खेळ बराच वेळ पाहिला. मग चाचांना म्हणाल्या, "राहू द्या इथंच. आता घरी कोन पाहते?" चाचांनी त्यांना चहा पाजला आणि खडूचं नाव तसंच ठेवलं. त्याच पडद्यावर आम्ही कंदीलचा दुसरा भाग संपवला.

दुसऱ्या भागाचा शेवट मात्र जेबाच्या मामेभावानं, हसनैननं, आम्हाला आधीच सांगून टाकला होता. त्याच्याशी आम्ही महिनाभर बोललो नाही. तेव्हाच दोघींचं ठरलं, की तिसरा भाग निघेल तेव्हा त्याबद्दल काही वाचायचं नाही, काही पाहायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. शेजारी बसून, एकदमच उघडायचा.

तिसरा भाग निघायला अठरा वर्षं लागली. तेवढ्या काळात काय काय झालं. मोठे जड टीव्ही गेले, चाचांचं दुकान गेलं, चाचाही गेले. जेबाचं लग्न धामणगाव रेल्वेच्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे झालं. सासू, नणंद, दोन मुली, वर दुकानच्या माणसांचा डबा. मी अमरावतीला एका दवाखान्यात एक्स-रे काढते. लग्न केलं नाही, का ते विचारून लोक आता थकलेत. संध्याकाळी घरी आले की कुलूप मीच काढते आणि दिवा मीच लावते. सकाळी ओट्यावर ठेवलेला कप रात्री तिथेच सापडतो, त्याचा मला कधीकधी फार राग येतो.

जेबाचा फोन सुरुवातीला रोज, मग आठवड्याला, मग ईद आणि चौदा एप्रिल. पण एक बोलणं कधी चुकलं नाही. शेवटी ती विचारायची, "निघाला का?" मी म्हणायचे, "नाही अजून." ती म्हणायची, "मंग निघाला की सांग." एवढ्याच बोलण्यावर आम्ही अठरा वर्षं काढली. होशिकोनं तिसऱ्या भागाची घोषणा केली, मागे घेतली, पुन्हा केली. मला मनातून बरंच वाटायचं. तो निघत नव्हता तोवर जेबा मला धरून होती.

अखेर निघाला. मी नवं मशीन आधीच नोंदवून ठेवलं होतं. दुसरा पॅडही घेतला. जेबाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "इतवारी येतो."

"घरी काय सांगशील?"

"गुडघा दुखून राहिला म्हणीन. तुह्याकडे एक्स-रे हायेच."

"कोणता गुडघा?"

"उजवा. वापस जातानी लंगडाव लागन, याद देजो."

त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलले नाही. दवाखान्यातली पोरं मोबाईलवर काय पाहतात तिकडे नजरही टाकली नाही. घर झाडलं, पडदे धुतले, जमिनीवर दोन उशा मांडल्या. निळ्या मिळाल्या नाहीत, हिरव्या आणल्या. मला काय हवं होतं ते मी स्वतःशी कबूल करून टाकलं होतं. मला खेळ नको होता. मला जेबा हवी होती, शेजारी, एक अख्खा दिवस, आणि तिला यायला कारण पुरवणारं हे एकच मशीन जगात होतं.

रविवारी ती आली. थोडी जाड झाली होती, चष्मा लागला होता. पर्समधून तिनं अब्बांच्या दुकानातला जुना पॅड काढला, वायरला काळी टेप गुंडाळलेला. नव्या मशीनला तो लागणार नाही हे लहान लेकरालाही कळलं असतं.

"असू दे," ती म्हणाली. "अब्बाची टेप हाये."

तो तिनं मशीनशेजारी ठेवला. मी तिच्या हातात नवा पॅड दिला आणि बटण दाबलं. पडद्यावर आसनं आली नाहीत. कंपनीचं नाव आलं, पांढऱ्यावर फिकट, आणि गेलं. घंटाही नाही. मला तिथेच काहीतरी खटकलं होतं.

मग जंगल आलं. काय सुंदर जंगल होतं ते, पानन् पान हलत होतं. कंदीलवाली आली, कुऱ्हाडवाली आली. मी चालू लागले. कुऱ्हाडवाली आपली आपणच माझ्यामागे चालू लागली. जेबा बटणं दाबत होती, तिचं काहीच चालत नव्हतं. मी खेळ थांबवून सेटिंगमध्ये शिरले, एकेक पान उघडून पाहिलं. शेवटी एका कोपऱ्यात लिहिलेलं सापडलं. हा खेळ एका खेळाडूसाठी आहे, तुमच्या सोबतिणीला मशीन सांभाळेल.

मी पुन्हा वाचलं. मशीन बंद करून चालू केलं. पॅडची अदलाबदल केली. पुन्हा तेच. मग माझं डोकं फिरलं. कंपनीच्या मालकापासून पॅकिंग करणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा मी उद्धार केला. अठरा वर्षं थांबवून ह्यांनी आम्हाला काय दिलं, तर सोबतीण काढून घेतली. कुऱ्हाड काढली असती तरी चाललं असतं, कंदील काढला असता तरी आम्ही चाचपडत गेलो असतो.

जेबा शांत होती. "राहू दे वं," ती म्हणाली. "तू खेळ. मी पाहत बसीन."

"मला नाही खेळायचं."

"खेळ म्हनलं न. मी इतक्या दुरून आली."

मग मी खेळले. ती शेजारी हिरव्या उशीवर, हातात तो नवा पण निकामी पॅड घेऊन. मी नदीकाठी आले की तिचा अंगठा हलायचा. मी झाडाशी आले की ती कुऱ्हाडीचं बटण दाबायची. दोन वेळा मी सहन केलं, तिसऱ्यांदा चिडून म्हणाले, "ते चालत नाही जेबा."

"मालूम हाये," ती म्हणाली आणि दाबत राहिली.

मी मुद्दाम पळत सुटले. पुलावरून, दरीतून. मला पडदा अडायला हवा होता. मशीनची कुऱ्हाडवाली कुठेच मागे पडली नाही. मी मागे पाहायचे तर ती अगदी पाठीला लागून उभी. ना धाप, ना तक्रार.

"हे काहून मागं राहत नाही?" जेबानं विचारलं.

 मी चहा टाकायला उठले.

दुपारी मी धुतलेली चादर अंथरून दिली, तिनं आतल्या खोलीत नमाज पढली आणि तिथेच जरा पडली. मी स्वयंपाकघरात उभी राहून पहिल्यांदा मोबाईल उघडला. करार आता कशाला पाळायचा? सगळीकडे माझ्यासारखीच माणसं ओरडत होती. कुणी भावाबरोबर खेळायचं, कुणी आता नसलेल्या बापाबरोबर. कंपनीनं उत्तरही दिलं होतं. आजकाल लोक एकटे खेळतात, आता कुणालाही कुणासाठी थांबावं लागू नये अशी आमची इच्छा आहे. खाली आणखी एक वाक्य होतं, की कंदीलची गोष्ट इथे संपली, चौथा भाग निघणार नाही.

त्या पहिल्या वाक्याचा राग आला. दुसऱ्याची भीती वाटली. आता फोनवर शेवटी ती काय विचारणार, आणि मी काय सांगणार? मी मोबाईल पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला. जेबा उठली तेव्हा तिला काहीच सांगितलं नाही. डाळभात खाल्ला. तिनं मुलींचे फोटो दाखवले. खेळ पुन्हा लावावा असं दोघींपैकी कुणीच म्हणालं नाही.

संध्याकाळी स्कूटीवरून तिला बडनेऱ्याला सोडलं. गाडी उशिरा होती. फलाटावर कापसाच्या गाठींचे ढीग होते, त्यांच्या आडोशाला आम्ही उभ्या राहिलो. जेबानं पर्सचा बंद दोनदा नीट केला. मग गाडीच्या दिशेला बघत म्हणाली, "भावना, मले मालूम होतं."

"काय?"

"दोघींचं नाही हाये ते. आठ दिवसाआधीच मोबाईलवर पाहिलं. राहवलं नाही."

मी तिच्याकडे वळले. "मग आली काहून?"

"तुले सांगतलं असतं तं तू म्हनली असती, मंग कायले येतं."

तसंच म्हटलं असतं मी. अगदी ह्याच शब्दांत, वर फणकारा करून. सकाळपासून ती बंद पॅडची बटणं दाबत बसली होती आणि मी तिला ते चालत नाही म्हणून शिकवत होते.

गाडी आली. ती चढली, दाराशी उभी राहिली. मी तिला मुद्दाम आठवण करून दिली, "उजवा." तिनं लगेच पाय ओढून दाखवला, आणि मग हसू थांबवत विचारलं, "चौथा कवा निघन?"

ही बाई आठ दिवस सगळं पाहत होती. मला जे स्वयंपाकघरात दोन मिनिटांत दिसलं ते तिला दिसलं नसेल असं होऊच शकत नाही. चौथा निघणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असणार. तरी ती दाराचा दांडा धरून उत्तराची वाट बघत होती.

"निघेल," मी म्हणाले. "यांना वेळच लागतो."

"मंग निघाला की सांग," ती म्हणाली.

घरी येऊन कुलूप काढलं, दिवा लावला. दोन उशा तशाच होत्या. काळ्या टेपचा पॅड ती मशीनशेजारीच सोडून गेली होती. नवा दुसरा पॅड मी शोधला, तो कुठेच सापडला नाही. बऱ्याच वेळानं जेबाचा मेसेज आला, पोचली म्हणून. खाली फोटो होता. धामणगावच्या तिच्या खाटेवर, मुलींच्या पुस्तकांमध्ये, माझा नवा पॅड.