मेलेल्या वालांची ऊब

"मेलेले वाल गरम कसे होतील, वेणूताई?" स्नेहल मॅडमनी दुसऱ्या थर्मासमधला थर्मामीटर पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

पनवेलच्या त्या कॉलेजातला प्रयोग तसा साधाच होता. जिवंत पेशी श्वास घेताना किती उष्णता सोडतात ते मोजायचं. एका थर्मासात मोड आलेले वाल, दुसऱ्यात तेच वाल उकडून मारलेले. पहिला तापला पाहिजे, दुसरा होता तसाच राहिला पाहिजे. तीन दिवसांत पहिला सत्तावीसवरून पस्तिसावर गेला खरा, पण दुसराही तिसावर जाऊन बसला होता.

वाल भिजवणं, फडक्यात बांधणं, उकडणं, सगळं वेणूचं. ओवे गावची वेणू घरत अकरा वर्षं या कॉलेजात झाडू मारत होती. मोड काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही हे कळल्यावर मॅडमनी हट्टानं तिला दोन महिने प्रयोगशाळेत मागून घेतलं. आता तिला इथंच ठेवायचं की पुन्हा जिने झाडायला पाठवायचं, ते महिनाअखेर मॅडमच प्राचार्यांना लिहून देणार होत्या.

"थर्मामीटर बिघडलाय बहुतेक," मॅडम म्हणाल्या.

नुसती मान डोलावली असती तरी वेणू सुटली असती. तिनं थर्मासात नाक घातलं. आंबूस वास आला आणि तिचा चेहरा उतरला.

"तो बरा हाय, मॅडम. मीच माती खाल्ली."

"म्हणजे?"

"उकडल्याव औषदाच्या पाण्यात घालाया सांगितलेलं तुमी. घातले. मंग तीन पाण्यानी धुतले. वाल हायत ना ते. खायच्या वस्तूला औषदाचा वास, मना सोसला नाय."

मॅडमना हसू आवरेना. "वाल मेलेलेच आहेत हो. औषध गेलं म्हणून त्यांच्यावर जंतू वाढले. ते जिवंत. ही ऊब त्यांची."

"येवढ्याशा जंतूंची?"

वेणूनं आत बोट घालून पाहिलं. कोमट. तिला गंमत वाटली.

"मंग मी जाऊ परत जिन्याव?"

"आधी नवे वाल भिजवा."

या खेपेला तिचे हात शिवशिवले, पण तिनं काही धुतलं नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमनी थर्मामीटर वाचायला तिलाच सांगितलं. तिनं दोनदा वाचून खात्री केली. "जिते पस्तीस. मेलेले सत्तावीस."

महिनाअखेरच्या कागदावर मॅडमनी एकच ओळ लिहिली, आणि तिला वाचून दाखवली: 'प्रयोग बिघडला तर का बिघडला, ते या स्वतःहून सांगतात. यांना इथंच ठेवावं.'

"ते वाल टाका आता," त्या म्हणाल्या.

मेलेले तिनं बादलीत ओतले. जिवंत मात्र पदरात घेतले. "जिते हायत. टाकू कशे?"

ओव्यात भात कापलं की तिच्या शेतात वालच असायचे. त्या शेतावर आता सात मजली इमारत होती आणि वाल ती बाजारातून आणायची. प्रयोगशाळेमागच्या भिंतीलगत बसून तिनं लोखंडी पट्टीनं भोकं पाडली. सात वर्षांनी ती पुन्हा वाल पेरत होती. शेवटचे चार मातीत घालण्याआधी तिनं क्षणभर मूठ मिटली. अजून कोमट होते.