लाल पानांचा दसरा

इंग्लंडातल्या लेस्टरात आपटा कुठून आणणार? म्हणून डॉक्टर पद्माकरांनी दारापुढे हौसेने लावलेल्या ओकलाच दसऱ्याचा मान मिळाला. शोभेचं झाड, ऑक्टोबर सरता सरता कुंकवासारखं लाल व्हायचं. त्याचं पान धाकट्यांनी मोठ्यांच्या हातावर ठेवायचं आणि म्हणायचं, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." दसरा लवकर आला तर हिरवी पानं चालवून घ्यायची, पण हे त्यांच्या एकुलत्या एक मंजिरीच्या लक्षात कशाला राहील? इथेच जन्मलेली पोर. झाड लाल झालं की दसरा, एवढंच तिचं पंचांग.

पुढे तिने डॉक्टरकी अर्ध्यावर सोडली आणि डर्बीच्या एका नर्सरीत रोपं विकू लागली. पद्माकरांनी बोलणंच टाकलं. दोन वर्षं! माणूस वाईट नव्हता हो, पण सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. शेवटी सुप्रभाबाईंनी लेकीला फोनवर सांगितलं, "दसऱ्याला ये. सोनं दे. सणाला बाबा नाही म्हणायचे नाहीत."

तारीख सांगायची राहिली. नव्वद साली दसरा सप्टेंबरातच आला. पद्माकर नवा सदरा घालून दिवसभर खिडकीशी बसले. ती आलीच नाही. सुप्रभाबाईंना वाटलं, पोरगीही बापावरच गेली. त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

मंजिरी आली महिन्याने. दारातच वाकली, हातात लाल पान.

"बाबा, हॅपी दसरा. सोनं घ्या."

"दसरा होऊन महिना झाला. एवढंही लक्षात राहत नाही?"

"पण झाड तर आत्ता लाल झालंय, बाबा!"

तिचा हात पुढेच होता. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले आणि आत निघून गेले. पुढच्या वर्षी घेऊ, जरा उमजू दे तिला, असं मनाशी म्हणाले.

जानेवारीत बर्फावरून तिची गाडी घसरली. पुढचं वर्ष पोरीला मिळालंच नाही.

एक्याण्णवच्या दसऱ्याला सुप्रभाबाईंनी पूजा मांडून हाक मारली, "अहो, येताय ना? आज दसरा."

पद्माकर खिडकीतून झाडाकडे बघत होते. "आज कुठला? पानं अजून हिरवी आहेत."

बाईंनी पदर तोंडाला लावला.

पंधरा दिवसांनी झाड लालभडक झालं. पद्माकर तोच सदरा घालून उंबऱ्यावर आले आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "दे, बाळा."

वारा सुटला होता. सगळ्या वाटेवर पानं पडत होती. त्यांच्या हातावर एकही पडलं नाही.