हवेत लटकलेली नळी

मित्रांनो, दिवसभर दुसऱ्याच्या सायलेन्सरमध्ये नाक खुपसून बसायचं काम तुम्हाला कुणी दिलं, तर कराल? मी वर्षानुवर्षं तेच करतो आहे. मी गाड्यांचा धूर तपासणारं जुनं यंत्र. सोलापुरात विजापूर रस्त्याच्या कडेला एक पांढरी व्हॅन उभी असते, तिच्यात माझा मुक्काम.

माझी एक लांब काळी नळी आहे. ती सायलेन्सरमध्ये घालतात, चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि धूर माझ्या पोटात येतो. पोटात एका बाजूला दिवा आहे. धूर जितका दाट, तितका त्याचा उजेड पलीकडे कमी पोचतो. त्यावरून मी गाडीची परीक्षा करतो.

व्हॅनचा मालक अभिमन्यू सुरुवातीला मला फार जपायचा. रोज नळी पुसायचा. खंडेनवमीला मला झेंडूचा हार घालायचा. "आपलं मशीन खोटं बोलत नाही," असं गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

मग शहरातल्या शाळा-दवाखान्यांच्या एका भागात नवा नियम आला. काचेवर हिरवी चकती असेल त्याच गाडीला आत प्रवेश. लाल चकतीची गाडी बाहेरच थांबणार. आमच्यापुढे रांगा लागल्या आणि अभिमन्यूला युक्ती सापडली. तो माझी नळी व्हॅनच्या दाराला टांगून ठेवू लागला. समोर ट्रक भकाभका धूर ओकतोय, मी रस्त्यावरची हवा हुंगतोय, आणि निकाल मात्र ट्रकच्या नावावर! हिरवी चकती चिकटवली की ट्रक निघाला दवाखान्याच्या खिडक्यांखाली.

धुराची मला कधी किळस आली नव्हती. या कामाची मात्र शिसारी आली. माझं पुसणंही बंद झालं. नळीत काजळी साचली, मागं पालीनं संसार थाटला, आणि माझ्या अंगावरूनच लोक गुटख्याच्या पिंका बाहेर टाकू लागले.

एके सकाळी एक शाळेची बस आली. चालक मायाप्पा, आणि पोरं सांभाळायला बजाबाई. ती मागच्या बाकावर लहानग्यांना घेऊन बसायची. अभिमन्यूनं नळी टांगलेलीच ठेवून बटण दाबलं. बजाबाई खाली उतरली.

"नळी तर हितं लटकलीया की," ती म्हणाली. "मग तपासलं काय तुमी?"

"मावशी, तुम्ही बसा आत. तुमच्या मालकांचा फोन झालाय."

बजाबाईनं कमरेचा रुमाल काढून अभिमन्यूपुढं धरला. "पोरांची नाकं पुसल्यात यानं. बघा." रुमालावर काळा, चिकट शेंबूड होता. अभिमन्यूनं तोंड फिरवलं.

"आता किळस येती व्हय?" ती शांतपणे म्हणाली. "पोरांच्या छातीत हेच जातंय."

मायाप्पा खाली मान घालून म्हणाला, "बजाबाई, गप बस. मालक कामावरनं काढतील."

"काढू दे की. तू नळी घाल."

मायाप्पानं स्वतःच माझी नळी दारावरून काढली, सायलेन्सरमध्ये घातली आणि गाडीत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काय तो धूर! माझा दिवा पार बुडाला. अंग घुसमटलं, पण कित्येक दिवसांनी मी खरं बोललो. बस नापास झाली.

"नळी काढून परत तपासणी घेतो," अभिमन्यू म्हणाला.

"नगं," मायाप्पा म्हणाला. "लालच लावा."

दुसऱ्या दिवसापासून बस त्या भागाच्या हद्दीबाहेर थांबू लागली आणि पोरं उन्हातून चालत शाळेत जाऊ लागली. पालक बसच्या मालकावर चिडले. मालकाला बसच्या इंजिनात डिझेल सोडणारा पंप आणि नोझल दुरुस्त करून घ्यावे लागले. बस पुन्हा आली तेव्हा मायाप्पानं नळी आपल्या हातानं घातली. या खेपेला दिव्याचा उजेड स्वच्छ पलीकडे पोचला. बसला हिरवी चकती मिळाली.

बजाबाई मात्र बसमध्ये नव्हती. मालकानं तिला कामावरून काढलं होतं. तिच्या बाकावर पोरांनी दप्तरं ठेवली होती.

अभिमन्यू अजून बदललेला नाही. मायाप्पाची बस गेली की नळी पुन्हा दाराला लटकते. मला हात नाहीत, नाहीतर मीच ती ओढून घेतली असती.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. ज्या गाडीतून तुम्ही शाळेत जाता, तिची तपासणी चालू असेल तेव्हा नुसती चकती बघून समाधान मानू नका. खाली उतरा. नळी कुठं आहे ते बघा. आणि कुणी गप बसा म्हणालं, तरी विचारा.