माझ्या हातचा फ्यूज

आमच्या घरात फ्यूज बांधायचं काम माझं. नवरा विजेला भ्यायचा. बल्ब बदलायचा तर आधी चपला घालायचा, मग मेन बंद करायचा, आणि एवढं सगळं करून बल्ब मलाच लावायला सांगायचा. तो गेला तेव्हा घरातली बरीच कामं बदलली, हे नाही बदललं. गल्लीत कुणाकडे अंधार झाला की हाक मला. "काकू, जरा फ्यूज बघता का?" मी स्टुलावर चढायची, बघायची, उतरायची. बायका म्हणायच्या, तुमच्या हातचा फ्यूज उडत नाही. मी म्हणायची, माझ्यासमोर उडायची त्याची छाती नाही.

ऐट होती मला त्याची. आता खरं सांगायला बसलेय तर ऐटीपासूनच सुरुवात करायला हवी.

दोन वर्षांपूर्वी माझा एकुलता एक मुलगा मागच्या शेडमध्ये शॉक लागून गेला. सुतार होता तो. परसात पत्र्याची शेड घातली होती, खाली नुसती माती, घरातल्या बोर्डावरून एक वायर ओढून तिथे दिवा आणि मशीन चालवायचा. लाकूड कापायची ती मशीन सुनेच्या भावानं दिलेली. त्याच्या कारखान्यात नवी आली, तर जुनी त्यानं आपल्या मेव्हण्याला आणून दिली. एके सकाळी माझ्या मुलानं त्या मशीनच्या लोखंडाला हात लावला आणि हात सुटला नाही. शेजारच्यानं येऊन मेन पाडला तोवर सगळं संपलं होतं. मशीनच्या पोटात वायर सोलली गेली होती म्हणे, सगळ्या लोखंडात करंट उतरला होता.

मला तेवढं पुरलं. मेव्हण्याला बघायला धावत आलेल्या त्या पोराला मी दारातच अडवलं. "फुकटची मशीन देऊन माझं पोर खाल्लंस. पाऊल टाकू नकोस आत." आणि सुनेला सांगितलं, या घरात राहायचं असेल तर त्या माणसाचं तोंड नको, फोन नको, नाव नको. तिला आईबाप नाहीत. तो एकच भाऊ, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, तिनंच कडेवर वाढवलेला. तिनं मान खाली घातली आणि राहिली. मला वाटलं, वाकली. वाकवली याचंही मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

सून शिवणकाम करते. यंदा तिला एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. मोटारीवर चालणाऱ्या दोन शिलाई मशीन आणि एक मोठी इस्त्री, हे सगळं पुढच्या खोलीत मावेना. महिनाभर ती माझ्याभोवती घुटमळत होती. शेवटी एकदा म्हणाली, "आई, मागची शेड रिकामीच आहे."

"रिकामी का आहे ते तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग बस तिथे. तुझ्या छातीची कमाल आहे."

हे माझं हो म्हणणं. याहून गोड मला येत नाही.

वायरमन आला. चाळिशीचा, कानावर पेन्सिल, बोलायला घड्याळासारखा, चावी दिली की थांबत नाही. आमचा बोर्ड बघून त्यानं हात जोडले. लाकडी फळी, त्यावर चिनी मातीच्या फ्यूजची रांग, काळपट झालेली.

"काकू, हा बोर्ड तुमच्याहून मोठा दिसतो वयानं."

"मग वाकून नमस्कार कर त्याला, दात काय काढतोस."

त्यानं काम समजावलं. हा बोर्ड दोन शिलाई मशीन आणि इस्त्रीचा भार घेणार नाही. सगळा उतरवायचा. नवा पत्र्याचा डबा बसवायचा, त्यात खटक्याचे स्विच, आणि एक असा स्विच की कुठे करंट गळला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. तिथून जाड केबल जमिनीखालून शेडपर्यंत न्यायची, आणि शेडमध्ये वेगळा छोटा बोर्ड. "लोंबकळती वायर आता नाही," तो म्हणाला.

सून म्हणाली, "चर मी खणते." मजूर मिळत होता, पण ऐकली नाही. पदर खोचला आणि कुदळ घेऊन परसात गेली. मी वायरमनजवळ स्टूल ओढून बसले. आपल्या घराच्या भिंतीला परका माणूस हात लावतो तेव्हा समोर बसावं, असा माझा नियम.

त्यानं मेन बंद केला आणि एकेक फ्यूज उपटायला लागला. स्वयंपाकघर, पुढची खोली, मोरी. शेवटचा शेडचा. त्या दिवसानंतर त्या लाईनचा स्विच बंद केला होता, फ्यूज कुणी काढलाच नव्हता. त्यानं तो उपटला, उलटा केला, उजेडाकडे धरला. त्याचं बोलणं बंद पडलं.

"हा कुणी बांधला?"

"मी," मी म्हटलं. "का, तुला जमेल असा?"

"कशाची तार आहे ही?"

"तांब्याची. जुन्या इस्त्रीची वायर सोलली, तिच्यातले पदर पिळून घातले. मशीन सुरू केली की फ्यूज उडायचा. पोरगा शेडमधून ओरडायचा, आई, फ्यूज! दिवसात तीनदा, चारदा. तुमची ती केसासारखी तार काय टिकणार? मग मी बांधला हा. त्यानंतर एकदा उडाला नाही. पोरगा म्हणाला होता, आई, तुझ्या हाताला तोड नाही."

वायरमन खाली बसला. माझ्याकडे बघेना.

"काकू, पुन्हापुन्हा उडत होता म्हणजे तो सांगत होता. मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय म्हणून सांगत होता."

"म्हणजे?"

"त्या मशीनला अर्थिंग होतं. शेडच्या कोपऱ्यात ती अजून पडलीय, मी बघितलंय, तीन पिनांचा प्लग आहे, सगळं नीट जोडलेलं. मशीनच्या अंगात करंट उतरला की तो अर्थिंगमधून जोरात धावतो. त्या जोरानं फ्यूजची बारीक तार वितळते आणि वीज जाते. तेवढ्यासाठीच तार बारीक असते, काकू. ती वितळायलाच असते." त्यानं हातातला फ्यूज खाली ठेवला, अगदी हळू. "ही वितळली नाही."

परसातून कुदळीचा आवाज येत होता. थप, आणि थोडं थांबून, थप.

"वहिनींना मी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "जुनं सामान माझ्या पिशवीत जाईल. झालेलं काही परत येत नाही."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. आणि त्यानं तो फ्यूज पिशवीत टाकला.

संध्याकाळी सून आत आली. तळहाताला फोड, कपाळाला माती. माझ्यासमोर हात पुढे करून उभी राहिली, दाखवायला नाही, पाणी घालून घ्यायला. मी तांब्यानं पाणी घातलं आणि म्हटलं, "चर अजून वीतभर खोल हवा. अर्धवट काम करायची सवयच आहे तुझी."

हे मी कळल्यानंतर बोलले. हेही लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं झालं. केबल पुरली, माती लोटली, शेडमध्ये पांढरा बोर्ड बसला. वायरमननं मला घरातला नवा डबा उघडून दाखवला. त्यातल्या एका स्विचवर वाटाण्याएवढं बटण. "हे दाबून बघायचं महिन्यातून एकदा. करंट गळाल्याचं सोंग करतं." त्यानं दाबलं. टक. घरातला पंखा, दिवे, सगळं जागच्या जागी गेलं.

"परत दाब."

टक.

"परत."

चौथ्यांदा मीच बटणाकडे हात नेला, तो त्यानं धरून बाजूला केला. "बास, काकू," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याचाच राग आला. पेन्सिल, पक्कड गोळा करून तो गेला.

मी शेडमध्ये गेले तर सून तिच्या मशीनजवळ उभी. प्लग हातात, बोर्ड समोर, पण हात पुढे जात नव्हता. मला बघून म्हणाली, "आई, तुम्ही लावता का?"

"का? तुला काय झालं?"

"तुम्हीच म्हणता ना, माझ्या माहेरच्या वस्तूनं घर बुडालं. माझ्या हातानं इथे काही सुरू करायला नको." बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात मी कुणाला हार जात नाही. ती खरंच तसं मानत होती. दोन वर्षं मी थेंबथेंब घातलेलं तिच्या हाडात मुरलं होतं.

मी तिच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसले आणि सांगितलं. इस्त्रीची वायर, पिळलेले पदर, फ्यूज का उडायचा आणि का उडायचा थांबला. एका दमात सांगितलं, थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

ती ऐकत होती. प्लग अजून हातातच.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल. दुपारी."

"दुपारी," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी मला म्हणालात, अर्धवट काम करायची सवयच आहे."

"हो."

"माझा भाऊ तीनदा आला होता, आई. गल्लीच्या टोकाला उभा राहायचा. मी खिडकी लावून घ्यायचे. मलाही वाटायचं, यानंच केलं. कडेवर घेऊन वाढवलेल्या पोराला मी दोन वर्षं खुनी समजले."

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे शब्द मी आयुष्यात कधी वापरले नव्हते, तोंडात परक्यासारखे वाटले.

तिनं ब्लाउजमधून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "मला नको सांगू. त्याला सांगा." मला अगं-तुगं केलं हे तिच्याही लक्षात आलं नाही.

घंटी एकदाच वाजली.

"ताई?" आवाज घाईत होता, जणू फोन हातातच धरून बसला होता. "ताई, तूच ना? बोल ना. शिव्या दे हवं तर, पण बोल."

गल्लीत माझ्या तोंडापुढे कुणी टिकत नाही. त्या पोरापुढे मी फोन दोन्ही हातांनी धरून बसले.

"मी तिची सासू बोलतेय."

"ताईला काय झालं?"

"तिला काही नाही. इथेच आहे समोर. मशीन तुझी होती, बाबा, पण माझं पोर मशीननं नाही गेलं. फ्यूज मी बांधला होता." आणि त्यालाही सगळं सांगितलं, काही न वगळता, पोरगा म्हणाला होता तेही.

तो म्हणाला, "देण्याआधी मी ती तीनदा चालवून बघितली होती. रोज आठवून बघतो, मी काय बघायचं विसरलो." मग आवाज फुटला. "ताईला द्या."

मी फोन दिला. तिनं हातानंच मला बाहेर जायची खूण केली आणि दार ओढून घेतलं.

पत्र्याच्या आडून तिचं रडणं ऐकू आलं. मोठ्यानं, मोकळं, गळा फाटेल असं. तेव्हा मला आठवलं, मुलगा गेला त्या दिवशी ती अशी रडली नव्हती. तिनं तोंड उघडलं होतं आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तू रडू नकोस, तुला तोंड नाही. ती तेव्हा जी गप्प झाली ती आज बोलत होती, आणि माझ्याशी नाही.

नुकत्याच बुजवलेल्या चरावर मी उभी होते. आत जायचा मला हक्क नव्हता, आणि घराकडे पाय उचलत नव्हता.