सरावाचा गडी

त्याला सगळे डावरा म्हणत. डाव्या हाताचा त्याचा ठोसा समोरच्याला दिसायच्या आत लागायचा. हे नाव बॉक्सिंगच्या मास्तरांनी दिलं, पण त्याला मास्तरांकडे नेलं ते थोरल्या भावानं. शाळेच्या फाटकाशी रोज कुणाशी तरी भिडून फाटक्या कॉलरनं घरी येणाऱ्या धाकट्याला दादानं एका संध्याकाळी मानगुटीला धरलं, टायरच्या दुकानावरच्या बॉक्सिंगच्या जिममध्ये नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "हात शिवशिवतात ना तुझे? मग इथं शिवशिवू देत. निदान आईला शर्ट तरी शिवत बसावं लागणार नाही."

दादा स्वतः तिथं आधीपासून खेळायचा. दिवसभर लोकांची घरं रंगवायची आणि संध्याकाळी नखांत रंग घेऊनच ग्लोव्ह्ज चढवायचे. त्याच्याकडे ना वेग होता, ना लांब हात. होतं ते एकच, मार खाऊन उभं राहणं. मास्तर म्हणायचे, "तुझं डोकं सिमेंटचं आहे रे. आत काही भरायचं तेवढं राहून गेलं." यावर दादाच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

धाकट्याचा हात बघितला आणि त्यानं स्वतःच्या लढती बंद केल्या. कुणी विचारलं तर सांगायचा, "घरात एक चॅम्पियन पुरे. आणि तो मी नाही, हे मला रोज दाढी करताना दिसतं."

तेव्हापासून दादा हा डावऱ्याचा सरावाचा गडी झाला. पुढची लढत ज्याच्याशी असेल त्याचे व्हिडिओ मास्तर दाखवायचे आणि दादा तो माणूस व्हायचा. कुणी खांदा उचलून खेळायचा, कुणी वाकून आत घुसायचा, कुणी मारण्याआधी नाक ओढायचा; दादा ते सगळं हुबेहूब उचलायचा. घरीसुद्धा त्याच सोंगात वावरायचा. वहिनी ताटं मांडता मांडता म्हणायची, "आज कोण जेवायला आलंय? मला आपलं कळलेलं बरं." आणि दादा खांदा उचलून, नाक ओढून तिच्याकडे बघायचा. आई गेल्यानंतरच्या त्या घरात हसणं होतं ते असं.

डावरा जिंकत गेला. आधी शाळांच्या हॉलमध्ये, मग नाट्यगृहांत, मग दिव्यांनी लखलखणाऱ्या मोठ्या स्टेडियममध्ये. अजिंक्यपदाचा पट्टा त्याच्या कमरेला बांधला गेला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन नाचला तो दादाच. डावऱ्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी खरचटल्याचीही खूण नव्हती. दादाचा डोळा मात्र आठवड्यापूर्वीच्या सरावानं सुजून काळानिळा झाला होता. फोटोग्राफरनं गमतीनं विचारलं, "नक्की लढलं कोण?" सगळे हसले. डावराही हसला.

मग जे व्हायचं तेच झालं. मोठी गाडी आली, मोठे मित्र आले, पहाटेचं धावणं मागं पडलं. मास्तर बोलले तर त्याला ते कटकट वाटायला लागलं. वजन उतरवायला शेवटच्या आठवड्यात उपाशी राहायचं, एवढीच तयारी उरली. अशाच एका लढतीत कालपरवा आलेल्या एका पोरसवद्या खेळाडूनं त्याला बरगडीखाली असा हाणला, की तो गुडघ्यावर आला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत उठलाच नाही. पट्टा गेला. पाठोपाठ मित्र गेले. पुढच्या दोन लढतीही हरल्यावर आयोजक फोन उचलेनासा झाला. आणि ज्याच्या पोस्टरखाली लोक उभं राहून फोटो काढायचे, तो डावरा एका फर्निचरच्या शोरूमच्या दारात गणवेश घालून उभा राहू लागला. गिऱ्हाईक त्याच्याकडे निरखून बघायचं आणि विचारायचं, "तुम्ही ते... तेच ना?" तो म्हणायचा, "लोक म्हणतात, तसा दिसतो खरा."

दादानं त्याला असं वर्षभर उभं राहू दिलं. मग एका सकाळी घरी येऊन त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. "ऊठ. तुझा हात अजून जिवंत आहे. बाकीचा देह आपण जागा करू."

मास्तरांनी आधी साफ नाही म्हटलं. दादा रोज जाऊन त्यांच्यासमोर बसायचा, चहा प्यायचा, काही न बोलता उठून यायचा. शेवटी मास्तर कंटाळून म्हणाले, "आण त्याला. निदान माझा चहा तरी वाचेल."

दोन वर्षं घाम गाळून डावरा पुन्हा वर आला. लहान लढती जिंकल्या, मग मोठ्या, आणि पट्ट्यासाठी एक शेवटची संधी त्याच्या नावावर लागली. सरावाला भाड्यानं आणलेला तरणाबांड गडी दुसऱ्याच आठवड्यात बरगडी मोडून निघून गेला. नवा शोधायला वेळ नव्हता. दादानं चाळिशी ओलांडली होती, पण तो हेडगार्ड बांधत रिंगमध्ये चढला. "बोला मास्तर, या खेपेला मी कोण?"

त्या दिवसांत डावरा एकच चाल घोटत होता. उजवा हात पोटात द्यायचा, समोरच्याचा कोपर खाली आला की डावा वळवून कानशिलावर. लढत जवळ आली असताना एका दुपारी ती चाल अगदी तंतोतंत जमली. दादाचा कोपर खाली आला आणि डावा लागला. दादा पडला नाही. तो दोरावर रेलला, मग हसला आणि दोर वर करून रिंगबाहेर जाऊन बाकावर बसला. मास्तर जिन्यात फोनवर बोलत होते. डावरा जवळ गेला तेव्हा दादा आपल्या बुटांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. त्यानं मान वर केली आणि अगदी सहज विचारलं, "आई जेवली का रे?"

आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

थोड्या वेळानं दादाची नजर ताळ्यावर आली. धाकट्याचा चेहरा बघून काय झालं असावं ते त्यानं ओळखलं. "मास्तरांना बोलू नकोस," तो हळूच म्हणाला. "लढत तोंडावर आलीय."

मास्तर आत आले. "काय झालं?"

"लेस सुटली," दादा म्हणाला.

मास्तरांनी डावऱ्याकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. त्याला तो येत होता. तो जिभेवर आलाही होता. पण त्याच्या डोळ्यांपुढं शोरूमचा काचेचा दरवाजा आला, तो गणवेश आला, आणि तो म्हणाला, "काही नाही मास्तर. लेस."

दुसऱ्या दिवशी दादा पुन्हा रिंगमध्ये उतरला. डावऱ्यानं तीच चाल घोटली. हात सैल सोडायचा असं तो मनाशी ठरवून आला होता, पण चौथ्या-पाचव्या ठोशानंतर ते ठरवणं विसरूनही गेला. पुढं त्याला स्वतःची सगळ्यांत जास्त शरम वाटली ती याची.

ती चाल लढतीत सहाव्या फेरीत लागली आणि पट्टा परत आला. वर्तमानपत्रांनी मथळे केले. दादा रिंगमध्ये नाचला आणि उतरताना पायरी चुकला. लोकांना वाटलं, आनंदानं.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. दादा गिऱ्हाइकाची खोली पिवळी रंगवायची ती हिरवी रंगवून आला. बोलता बोलता शब्द चघळायला लागला. चहात दोनदा साखर घातली म्हणून वहिनी बोलली, तर त्यानं कप भिंतीवर फेकला, आणि मग स्वतःच त्या डागाकडे घाबरून बघत राहिला. वहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डावराही बरोबर होता. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दाखवले, वर्षानुवर्षं बसलेल्या माराबद्दल सांगितलं. बरं होण्यासारखं नाही, जपायचं, एवढंच. दादा खुर्चीत बसून डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन फिरवत होता.

बाहेर आल्यावर वहिनीनं विचारलं, "भावजी, तुम्ही रोज समोर असायचात. तुमच्या कधीच काही लक्षात आलं नाही?"

"नाही वहिनी," तो म्हणाला.

तिनं विश्वास ठेवला. त्याला ते मारापेक्षा जड गेलं. तो दर रविवारी फळं, औषधं, नवा टीव्ही, काहीबाही घेऊन यायला लागला. ती म्हणायची, "कशाला एवढं? तुम्ही येता तेच पुष्कळ आहे." तो मान खाली घालून जेवायचा आणि लवकर उठायचा.

अशाच एका रविवारी दादा खुशीत होता. त्याला जुन्या गमती आठवत होत्या. जेवता जेवता तो एकदम हसायला लागला. "अगं, तुला सांगितलंच नाही! पट्ट्याच्या आधी एकदा यानं मला असा हाणला, की मी विचारतो, आई जेवली का! याचं तोंड बघायला हवं होतंस तू, पांढरंफटक!"

वहिनीचा हात थांबला. "कधीची गोष्ट?"

"लढतीच्या आधीची गं. मीच म्हटलं, बोलू नकोस. तर नाही बोलला कुणाला! गुणाचा आहे माझा भाऊ." आणि त्यानं डावऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

वहिनीनं घास ताटात परत ठेवला. तिनं डावऱ्याकडे बघितलं. तो ताटातल्या भाताकडे बघत होता.

"आणि त्यानंतर?" तिनं विचारलं. "त्यानंतरही मारत होतास?"

आजवर तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"ऊठ. जा इथून."

दादा बावरून दोघांकडे बघत राहिला. "अगं, त्याचं जेवण व्हायचंय," तो म्हणाला. डावरा चपला हातात घेऊनच जिना उतरला.

पट्टा राखायची लढत करारात आधीच ठरलेली होती. तो उतरला. समोरचा खेळाडू वयानं मोठा, चिवट, मार खाऊन पुढं येणारा होता. आठव्या फेरीत डावऱ्याचा हात नेमका लागला आणि तो माणूस दोरावर रेलला. मग त्यानं मान वर केली आणि हसला. ते हसू डावऱ्यानं ओळखलं.

स्टेडियम ओरडत होतं. मास्तर कोपऱ्यातून ओरडत होते, "संपव! संपव त्याला!" डावरा मागं सरकला. पंचांकडे वळून म्हणाला, "बघा त्याच्याकडे. त्याला काही कळत नाहीये."

"तो उभा आहे. लढ," पंच म्हणाले.

"डॉक्टरांना बोलवा आधी."

पंचांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणलं. डावऱ्यानं हात वर केले ते फक्त स्वतःचा चेहरा झाकायला. पुढच्या फेऱ्यांत त्यानं एकही ठोसा डोक्यावर मारला नाही. समोरचा सावरला, गुण घेत गेला आणि शेवटी त्याचा हात वर झाला. लोकांनी डावऱ्यावर बाटल्या फेकल्या. कुणी म्हणालं विकला गेला, कुणी म्हणालं म्हातारा झाला. मास्तर तोंड फिरवून उभे राहिले.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या दारात गेला. दार वहिनीनं उघडलं. तिच्या मागून दादा तरातरा आला. त्यानं लढत टीव्हीवर पाहिली होती.

"तो उभा होता ना? उभा होता की नाही?" दादा ओरडला. "मग मारायचं! मी कशासाठी खाल्ला एवढा मार? तू हात बांधून उभा राहावंस म्हणून?"

दादा आतल्या खोलीत गेला आणि तिचं दार आपटलं.

वहिनी उंबरठ्यातच उभी होती. "परक्यासाठी तोंड उघडलंस," ती म्हणाली. "चांगलं केलंस. पण घरच्यासाठी उघडलं नाहीस."

"वहिनी, मी आता खेळणार नाही."

"त्यानं काय होणार? याचं डोकं परत येणार आहे?" तिनं आतल्या बंद दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "मला कामावर जावं लागतं. सकाळभर याला एकट्याला ठेवता येत नाही. गॅस चालू ठेवतो, दार उघडं टाकून रस्त्यावर जातो. माफी वगैरे मला मागू नकोस, ती माझ्याकडे नाही. सकाळी येत जा."

तो येऊ लागला. पहिले काही दिवस दादा त्याच्याशी बोललाच नाही. मग राग का आला होता तेच विसरला, आणि नेमकं त्याच दिवशी डावऱ्याला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडावंसं वाटलं. आता त्याच्यावर रागवायलाही कुणी उरलं नव्हतं. वहिनी कामाचं तेवढंच बोलायची. गोळी दिली का, फिरून आलात का. तिच्या तोंडी पुन्हा 'तुम्ही' आलं होतं, पण ते पूर्वीचं नव्हतं.

दादाचा हात फार कापायला लागला तशी त्याची दाढी डावरा करू लागला. खिडकीपाशी खुर्ची, गळ्याभोवती टॉवेल, वाटीत कोमट पाणी. पहिल्या दिवशी साबण लावून त्यानं वस्तरा घेतला आणि डावा हात दादाच्या गालाकडे नेला. दादानं झटकन मान मागं घेतली आणि दोन्ही हात चेहऱ्यापुढं आले.

डावऱ्यानं हात तिथंच थांबवला.

"काय झालं रे?" दादानं हातांच्या आडून विचारलं. आपण असं का केलं, ते त्यालाही कळलं नव्हतं.

"काही नाही," डावरा म्हणाला. ते शब्द तोंडातून गेले मात्र आणि त्याला ते ऐकू आले. त्यानं वस्तरा वाटीत ठेवला. "नाही दादा. झालंय. माझ्या हाताला घाबरलास तू. मी तुला फार मारलंय."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. फेस त्याच्या हनुवटीवरून टॉवेलवर ओघळत होता.

"हो का?" तो म्हणाला, आणि बराच वेळ विचार करून त्यानं विचारलं, "मी काय केलं होतं?"

"तू काहीच केलं नव्हतंस."

दादानं हात हळूहळू मांडीवर घेतले. डावरा खुर्चीच्या मागच्या बाजूला गेला, म्हणजे हात समोरून येणार नाही. मागून त्यानं गाल ताणून धरला आणि कानापासून खाली अगदी सावकाश वस्तरा ओढायला सुरुवात केली.