गळ्यातली सवत

देविका रसायनशास्त्राची पदवी घेऊन नांदेडहून लातूरला नांदायला आली, आणि आल्या दिवशीच सासूनं तिच्या गळ्यात सवत बांधली. शिवशंकरची पहिली बायको सरोजिनी भूकंपात गावाकडच्या घराखाली गेली होती. तो तेव्हा लातुरात क्लासच्या पोरांजवळ होता, म्हणून वाचला. आता रीतीप्रमाणं तिचा ठसा उमटवलेला चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा. नवी साडी आधी टाकाला लावायची, घास आधी टाकाला दाखवायचा, मग राहिलं ते जित्या माणसानं.

बाई मेली की भलतीच सुधारते. सरोजिनीची भाजी म्हणे कधी खारट झाली नव्हती. शिवशंकर दिवसभर डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवी आणि घरी येऊन देविकाच्या गळ्याशी बोले. “जेवलीस का?” असं इतक्या मायेनं विचारी, की सुरुवातीला देविका बिचारी उत्तरही देई.

मग मुलगी झाली. सासूला, तुळजाबाईंना, पोरीच्या टाचेवर तीळ दिसला. सरोजिनीलाही तिथंच होता. झालं, थोरली सून परत आली. नावही तेच ठेवायचं ठरलं. देविका पाळण्यापासून हलेना. पोर आपल्या पोटची, आणि येणाऱ्या बायका अंगडी-टोपडी आणत होत्या मेलेल्या बाईसाठी.

बारशाला नणंद, उमाबाई, कानात नाव सांगायला वाकली, तसा देविकानं तिचा हात धरला.

“आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “त्या पाळण्यात आल्या म्हणता. मग माझ्या गळ्यात कोण आहे?”

“तीच की.”

“दोन्हीकडं? ह्यांच्या क्लासमध्येसुद्धा एकाला एकच जागा मिळते.” मग ती नवऱ्याकडं वळली. “तुम्हीच सांगा. पाळण्यात असतील, तर त्या आजपासून तुमच्या लेक. टाक नदीत सोडते. लेकीशी कुणी बायकोसारखं बोलत नसतं.”

बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या. शिवशंकरनं पाळण्याकडं पाहिलं, मग देविकाच्या गळ्याकडं. त्याचा चेहरा उतरला.

“टाक राहू दे,” तो म्हणाला. “ती हितंच हाय.”

तुळजाबाई पुटपुटत बसल्या. उमाबाईनं देविकाला विचारून बाळाच्या कानात ‘सृष्टी’ सांगितलं. देविकानं पोरीला उचलून छातीशी धरलं. पोर तिची झाली. नवरा जिचा होता तिचाच राहिला. तो जवळ आला आणि टाकाकडं बघत हळूच म्हणाला, “दमलीस का गं?”

“त्या कशाला दमतील,” देविका म्हणाली. “मी दमले. धरा तुमच्या लेकीला.”