शीतलची चढाई

माझा धाकटा भाऊ शीतल शेवटच्या चढाईला गेला त्याला एकवीस दिवस झाले होते. तो अजून परत आला नव्हता. त्याचा दम मात्र तुटला नव्हता. मैदानाच्या कडेला उभं राहून कान दिला की लांबून 'कबड्डी कबड्डी' ऐकू यायचं.

चढाई तीस सेकंदांची असते. पंचांच्या घड्याळात दिवसाला एक सेकंद कमी व्हायचा. आता नऊ उरले होते. पंच रोज सकाळी दाढी करून यायचे, घड्याळ बघायचे आणि बसायचे.

दोन्ही जिल्हे बरोबरीत होते. शीतलने एका गड्याला शिवावं आणि मध्यरेषेवर परत यावं, एवढंच बाकी होतं. तेवढं झालं की आमचा जिल्हा बावीस वर्षांनी अजिंक्यपद जिंकणार होता. मध्येच त्याने एक श्वास घेतला की तो बाद, आणि मग आमच्या गावात मगदूम आडनावाने राहणं अवघड होणार होतं.

समोरचे सातजण हातात हात घालून मागे सरकत गेले आणि मध्यरेषेपलीकडचं त्यांचं अंगणही त्यांच्याबरोबर लांबत गेलं. पहिल्या आठवड्यात ते तालुक्याच्या क्रीडांगणाचं कुंपण ओलांडून गेलं, दुसऱ्यात पाण्याची टाकी, मग उसाचं शिवार. आमच्या बाजूचं अंगण तेवढंच आखडलं. त्यात आमचे सहा गडी उभे होते ते दाटीवाटीला कंटाळून एकेक करून घरी गेले. एकाची कारखान्यात पाळी होती. एकाचं लग्न होतं. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बोलणं सगळं शीतलबद्दल.

"पोरात दम हाय, पण मन न्हाय," आण्णासो खोत म्हणाले. हे एकेकाळी जिल्ह्याकडून खेळलेत आणि तेव्हापासून गुडघा धरून बसलेत.

"एकवीस दिस दम धरलाय की त्यानं," पिराजी म्हणाला. पिराजी मांडववाला. आम्ही सगळे बसायचो त्या प्लास्टिकच्या खुर्च्या त्याच्याच.

"दम धरणं येगळं आन खेळणं येगळं. सात गडी हाईत समोर. एकाला शिवायला काय हुतंय?"

"ते बी खरंच म्हणा. सराव शिबिराला तीन दिस आलाच न्हवता."

"आमचे वडील वारले होते," मी म्हणालो.

"व्हय, ते हायेच," आण्णासो म्हणाले. "पर जिल्हा म्हंजे जिल्हा."

पहिले दहा दिवस मी भांडलो. त्याच्या खांद्याचं दुखणं सांगितलं, पहाटेच्या बैठका सांगितल्या, नोकरीवर सोडलेलं पाणी सांगितलं. आण्णासो प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करायचे. भिंतीशी बोललो असतो तर निदान भिंत गप्प राहिली असती. पुढे मी नुसता बसू लागलो. खरं सांगायचं तर मला जिल्हा नको होता आणि अजिंक्यपदही नको होतं. मला माझा भाऊ घरी यायला हवा होता.

शीतलची बायको त्रिशला रोज दिवस मावळायच्या आत डबा घेऊन यायची. आमच्यात अंधार पडल्यावर जेवत नाहीत. डबा मध्यरेषेजवळ ठेवून ती ऊन पिवळं होईपर्यंत थांबायची, मग उचलून परत न्यायची. मैदानातल्या गड्याला बाहेरून काही देता येत नाही, हे तिला पंचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

चोविसाव्या दिवशी ती सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "दादा, त्यांना सांगा, दम सोडा म्हणावं. हरू दे."

पिराजीने चप्पल शोधल्यासारखं केलं. त्या दिवसापासून मैदानाच्या दोन्ही कडांच्या खुर्च्या आपोआप पुढे सरकू लागल्या, रोज हातभर, माणसांसकट. पाय उचलून धरावे लागत. आमच्या आणि पलीकडच्या कडेच्या रांगेत जेमतेम माणूस जाईल एवढी वाट उरली, तरी वाद चालूच होता.

सव्विसाव्या दिवशी आण्णासोंनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

"शीतलचा भाऊ म्हणून नगं. एक कबड्डीतला माणूस म्हणून सांग. पोरगं कमी पडलं का न्हाय?"

ऊन होतं. सव्वीस दिवस मी तेच ऐकत होतो. मला फक्त त्यांनी गप्प बसावं असं वाटत होतं.

"पडलं थोडं कमी," मी म्हणालो.

"बघ!" आण्णासो पिराजीला म्हणाले.

माझी खुर्ची मध्यरेषेच्या पलीकडे गेली. रेषा माझ्या पायाखालून सरकलेली मला चुन्यासकट दिसली. मी उठून परत यायला निघालो तर पंचांनी मान हलवली. त्या बाजूच्या माणसाला या बाजूला यायचं तर चढाई करावी लागते आणि पाळी अजून शीतलची होती.

मग मी त्याच्याकडे चालत निघालो. तीन दिवस चाललो. दोन्ही बाजूंनी खुर्च्या माझ्याबरोबर येत होत्या, मागून घड्याळ घेऊन पंच. आण्णासो एका बाजूला, पिराजी दुसऱ्या. अंगण लांब होतं, पण आता दोन्ही हात पसरले तर खुर्च्यांना लागतील एवढंच रुंद राहिलं होतं.

एकोणतिसाव्या दिवशी समोरचा संघ भेटला. साधी पोरं होती, ओठ फुटलेली. त्यांचा डाव्या कोपऱ्याचा गडी रजा संपली म्हणून निघून गेला होता. टोकाच्या पोराने माझ्यापुढे हात केला. ओढा ओलांडताना पुढचा माणूस करतो तसा. मी तो धरला.

"तुमचा भाऊ का?" त्याने विचारलं.

"हो."

"लई थकलाय. आमी बी थकलोय."

शीतल समोर उभा होता. त्याची बनियन अंगावर दोन माणसांची वाटत होती. आवाज गेला होता. ओठ हलत होते आणि पंच ओठ वाचत होते. त्याने मला ओळखलं की नाही, कळलं नाही. तो डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, लहानपणी घरच्या अंगणात मला चकवायचा तसाच, आणि त्याने माझ्या खांद्याला हात लावला.

"शिवलं!" आण्णासो ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिवलं रं माझ्या वाघानं! आता पळ!"

घड्याळात एक सेकंद होता. मध्यरेषा पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, पळत गेलं तर एक दिवसाच्या अंतरावर. शीतल वळला. खुर्च्यांतून सगळे 'पळ, पळ' करू लागले; त्याच्या पाठीचा एकेक मणका मोजता येत होता. माझ्या शेजारच्या पोराने माझा हात सोडला.

मी खाली पडलो होतो आणि शीतलचा घोटा माझ्या दोन्ही हातांत होता. मी तो छातीशी ओढून धरला. "श्वास घे," मी म्हणालो, "शीतल, श्वास घे." त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओठ अजून हलत होते, आणि दुसऱ्या पायाने तो मला ओढत होता.